निसर्गाची संकेतलिपी

सजीवांची प्रथिने मुख्यतः २० अमिनो अम्लांची बनलेली असतात. ती अम्ले कोणत्या क्रमाने गुंफावयाची, याची आज्ञा मात्र डीएनएमध्ये अवघ्या चार अक्षरांत लिहिलेली असते. मग चारांतून वीसांचा बोध व्हावा कसा? १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची रचना उलगडली आणि पुढल्याच वर्षी पदार्थविज्ञानवेत्ता जॉर्ज गॅमॉ याने हे कोडे गणिताने सोडविण्याचा यत्न केला. दोन अक्षरांच्या जोड्या १६ च होतात. तीन अक्षरांची त्रिके मात्र ६४ होतात. १९५७ साली क्रिक, ग्रिफिथ व ऑर्गेल यांनी एक अट कल्पिली: भलत्याच अक्षरापासून वाचन सुरू झाल्यास अर्थच लागू नये. ही अट पाळली, तर अधिकात अधिक २० त्रिकेच सार्थ ठरतात! उत्तर मोठे देखणे होते.

निसर्गाने ते मानले नाही. १९६१ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे निरेनबर्ग व मथाई यांनी केवळ ‘यू’ या अक्षराची माळ असलेला आरएनए जीवाणूंच्या पेशीरसात मिसळला, तेव्हा फेनिलॲलनिन या एकाच अम्लाची साखळी तयार झाली. एकाच अक्षराच्या त्रिकाला आरंभ कोठला, शेवट कोठला? म्हणून ‘यूयूयू’ हे त्या सिद्धांताप्रमाणे निरर्थक. आणि तेच सर्वांआधी उलगडले! पुढे पंजाबात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी ठराविक क्रमाच्या साखळ्या प्रयोगशाळेत घडविल्या आणि १९६६ पर्यंत कोश पूर्ण झाला. त्यात ६१ त्रिके अम्लांची, तर तीन पूर्णविरामाची आहेत.

हा कोश समतोल नाही. ल्यूसिनला सहा त्रिके, ट्रिप्टोफॅनला एकच. परंतु तिसरे अक्षर चुकले, तरी पुष्कळदा अम्ल तेच राहते वा सारख्या गुणाचे येते. चुकीचा घाव सौम्य होतो. ही नैसर्गिक निवडीची करणी असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. क्रिकने १९६८ साली निराळे मत मांडले: आरंभीची वाटणी योगायोगाची असेल, पण पुढे ती बदलणे म्हणजे एकाच वेळी असंख्य प्रथिने बिघडविणे, म्हणून ती गोठून राहिली. १९७९ साली मात्र मानवी पेशीतील तंतुकणिकांत पूर्णविरामाचे ‘यूजीए’ हे त्रिक ट्रिप्टोफॅन म्हणून वाचले जाते, असे आढळले. म्हणजे गोठलेली लिपीही क्वचित पाझरते.

असे अपवाद थोडे. जीवाणूपासून मानवापर्यंत कोश जवळजवळ एकच आहे, आणि सर्व सजीवांचा पूर्वज एक होता, याचा तो बळकट पुरावा आहे. गणिताला जी काटकसर हवी होती, ती या लिपीत सापडली नाही. सापडली ती जीवसृष्टीची वंशावळ.