रिळाच्या गाडीचं कूळ

रिळाच्या गाडीत सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे तिची काडी. विज्ञान प्रदर्शनात रबरबँडचं कौतुक होतं, रिळाला रंग दिला जातो, मागच्या तक्त्यावर ‘स्थितिज ऊर्जा’ आणि ‘गतिज ऊर्जा’ यांच्यामध्ये एक ठसठशीत बाण असतो. परीक्षक तो बाण पाहून मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. काडी कशासाठी, हे सहसा कुणी विचारत नाही. गाडी चालते ती मात्र तिच्यामुळे.

रचना साधी. रिळाच्या भोकातून रबरबँड ओवायचं. एका बाजूला त्यात काडेपेटीच्या काडीचा तुकडा अडकवून तो रिळाला पक्का चिकटवायचा. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची भोक पाडलेली चकती, आणि तिच्यापलीकडे रबराच्या फासात एक लांब काडी किंवा पेन्सिल. पेन्सिल गरागरा फिरवून पीळ भरायचा आणि गाडी जमिनीवर सोडायची. मेणाची चकती हवीच. नाहीतर पेन्सिल रिळाच्या लाकडाला घट्ट चिकटून बसते आणि पीळ मोकळा होत नाही.

आता गाडी जमिनीवर न ठेवता हातात धरून पाहा. पेन्सिल भिरभिरते आणि पीळ वाया जातो. जमिनीवर ठेवली की पेन्सिलीचं टोक फरशीला टेकतं. पेन्सिलीला फिरता येत नाही, मग फिरायचं काम रिळावर येतं. मोटारीत हे काम सांगाडा करतो: चाकं फिरतात, सांगाडा फिरत नाही, कारण तो इतर चाकांवर टेकलेला असतो. इथे अख्खी गाडी म्हणजे एकच चाक. त्यामुळे फरशीवर घासत येणारी ती पेन्सिल हाच तिचा सांगाडा. स्वतः लोळत जाणाऱ्या कुठल्याही वस्तूला दोन गोष्टी लागतात. एक, आधी साठवून ठेवलेलं काम. दुसरी, ज्याला रेटा देऊन फिरायचं असा टेकू. या गाडीची कुळकथा या दोन गोष्टी माणसाला कशा सापडत गेल्या, याची आहे. आणि तिच्या पहिल्याच पिढीत दोन्हींचा पत्ता नाही.

सातव्या शतकात, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त एका चाकाची कृती दिली. हलक्या लाकडाचं चाक, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, प्रत्येक आरा पाऱ्याने अर्धा भरून तोंड बंद केलेला. आसावर ठेवलं की पारा एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली धावेल आणि चाक कायम फिरत राहील, ही अपेक्षा. पाच शतकांनी भास्कराचार्यांनी, ज्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या सान्निध्यात असल्याचं लिहून ठेवलं आणि ज्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त अशी यंत्रं पुन्हा मांडली. अशा यंत्राला त्यांनी ‘स्वयंवह’, म्हणजे स्वतः चालणारं, म्हटलं. पाण्याच्या धारेवर फिरणारं चाकही त्यांना ठाऊक होतं, पण बाहेरच्या पाण्यावर विसंबणारं यंत्र त्यांना कमी प्रतीचं वाटे.

मला ही नापसंती फार बोलकी वाटते. पाण्यावर चालणारं चाक खरोखर चालतं, पाऱ्याचं चालत नाही. तरी मन दुसऱ्याकडे ओढ घेतं. पाऱ्याच्या चाकात एका बाजूचा पारा आसापासून दूर जातो हे खरं, पण तेव्हा दुसऱ्या बाजूला त्याची भरपाई होते. पूर्ण फेरा झाला की सगळा पारा जिथला तिथे येतो, हाती काही उरत नाही. पुढे तेराव्या शतकात फ्रान्सच्या व्हिलार द ओनकूरच्या वहीत हातोड्या लोंबणारं असंच चाक दिसतं. हा नाद इतका चिवट निघाला की १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असले प्रस्ताव तपासणार नाही असं जाहीरच करून टाकलं.

साठवणीचा मार्ग घेतला तो लिओनार्दो दा व्हिंचीने. त्याच्या ‘कोदेक्स अटलांटिकस’मध्ये सुमारे १४७८ ची एक तीनचाकी गाडी आहे, दुरून दोरी ओढून सोडायची. बरीच वर्षं अभ्यासकांना वाटे की वरच्या वाकवलेल्या पट्ट्याच तिला ढकलतात. खरी ताकद खालच्या डब्यांतल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगांत आहे हे पुढे उमगलं, आणि २००४ मध्ये फ्लॉरेन्सच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाने चालती प्रतिकृती दाखवली. तिला सांगाडा होता, म्हणून काडी नको होती. पण पोलादी स्प्रिंग म्हणजे लोहाराचं काम; पोराच्या खिशात ती येणं शक्य नव्हतं.

खिशात आलं ते रबर, आणि तेही फार उशिरा. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट, थंडीत ठिसूळ. ते गंधकासह तापवून टिकाऊ करण्याचं एकस्व अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये मिळालं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉकने बाजी मारली. लगेच पुढच्या वर्षी, १७ मार्च १८४५ रोजी, लंडनच्या स्टीफन पेरीने रबरबँडचं एकस्व घेतलं. हेतू काय, तर कागद आणि पाकिटं बांधणं! ताणायच्या रबराला पीळ भरून त्याचं इंजिन करण्याची कल्पना गाजवली फ्रान्सच्या अल्फाँस पेनोने. १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत त्याचं पिळलेल्या रबरावरचं छोटं विमान काही सेकंद उडालं. त्याच धाटणीचं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये एका पाद्री वडिलांनी आपल्या दोन मुलांसाठी आणलं. त्या मुलांचं आडनाव राइट.

रीळ तोवर घरोघरी पोचलं होतं. स्कॉटलंडच्या पेस्ली गावात क्लार्क घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुती दोरा लाकडी रिळावर विकायला सुरुवात केली, तेव्हा रिळासाठी अर्धा पेनी अनामत ठेवावी लागे. रिकामं परत केलं की पैसा परत. म्हणजे रिकामं रीळ मुलांच्या हाती पडायला ते आधी फुकटाचं व्हावं लागलं. ब्रिटनमध्ये मुलांनी या गाडीला ‘कॉटन रील टँक’ म्हटलं. ते नाव १९१६ च्या आधीचं असू शकत नाही, कारण रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला तो त्या वर्षी १५ सप्टेंबरला, सोमच्या रणभूमीवर. रिळाच्या कडांना सुरीने खाचा पाडल्या की गाडी खरोखरच वह्यांच्या ढिगावर चढते, तेव्हा नाव चपखल बसलं.

काडीची पुढची पिढी दिसेनाशी झाली, कारण ती आत गेली. पत्र्याच्या डब्यात मधोमध रबर ताणून त्याला एक जड नट लटकवा. डबा ढकलला की नट खालीच राहू बघतो, रबराला पीळ भरतो, आणि डबा थांबून उलटा परत येतो. इथे टेकू जमिनीचा नाही, वजनाचा आहे. अमेरिकेत १८९३ मध्ये जे. एल. टेट याने स्प्रिंग आणि आतलं वजन वापरून स्वतः लोळणाऱ्या चेंडूचं एकस्व घेतलं; एकस्वाचं शीर्षक नुसतं ‘खेळणं’. १९९६ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी गोल कवचात चाक फिरवून चालणारा यंत्रमानव मांडला, आणि २०१५ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या बीबी-८ या गोल यंत्रमानवाच्या, स्फिअरो कंपनीने काढलेल्या खेळण्यात आत जड तळाची छोटी गाडी धावते. कवच पुढे जातं, कारण ती गाडी तळाशीच राहते.

या आतल्या टेकूची एक मर्यादा आहे, आणि प्रकल्पवहीत ती लिहिण्याजोगी आहे. वजन फार तर आसाच्या पातळीपर्यंत आडवं उचललं जाऊ शकतं. त्याहून जास्त जोर लावला तर तेच आत गरगरतं आणि कवच जागचं हलत नाही. म्हणून असा चेंडू सौम्य चढच चढतो. खाचांच्या रिळाची गाडी त्याहून उभा चढ चढून दाखवते, कारण तिची काडी जमिनीला रेटते.