गोचीड, कृमी आणि माणूस : महाराष्ट्रातील परोपजीवी संशोधनाचा मागोवा

प्रस्तावना

जनावरांचे रोग पशुवैद्यकाने पाहावेत व माणसांचे डॉक्टरने, ही विभागणी प्रशासनाच्या सोयीची असली तरी गोचीड व कृमी ती पाळत नाहीत. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडीमार्फत पसरतो हे सिद्ध केले. संधिपाद प्राण्यामार्फत सस्तन प्राण्यात रोगप्रसार होतो याचा हा पहिला भक्कम पुरावा मानला जातो आणि तो गोठ्यातून मिळाला, हे विशेष होय. महाराष्ट्रातील पुढील संशोधनाचा विचार याच दृष्टीने करणे उचित ठरते.

गिमवी आणि नारू

भारतात रक्तपर्णकृमी, अर्थात शिस्टोसोमा, प्रामुख्याने गुरांच्या संदर्भात परिचित होता. एम. अनंतनारायण राव यांनी १९३० च्या दशकात मद्रास प्रांतात गुरांना घोरायला लावणाऱ्या नासारोगाचे कारण शोधले, ते याच कुळातील कृमीत. मानवी शिस्टोसोमा येथे स्थानिक नाही, असाच समज रूढ होता. गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे स्थानिक केंद्र दाखवून दिले तेव्हा या समजाला धक्का बसला. पुढे फेरिसिया टेन्युइस या गोड्या पाण्यातील चिमुकल्या शंखप्राण्याकडे मध्यस्थ यजमान म्हणून लक्ष वेधले गेले.

नारूची कथा याहून आशादायक आहे. रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी जिवाचे महत्त्व ओळखले. नारूवर औषध नव्हते, लसही नव्हती. तरीही पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरींची सुधारणा करणे व रुग्णाला पाण्यात उतरण्यापासून रोखणे एवढ्या साधनांवर मोहीम चालली. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला.

क्यासनूरचा धडा

गोचिडीच्या बाबतीत मात्र असे यश लाभले नाही. १९५७ मध्ये म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली आणि जंगलात जाणाऱ्या माणसांनाही तीव्र ताप आला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू वेगळा केला. हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड त्याची मुख्य वाहक ठरली. या शोधातील सर्वांत मोलाची बाब म्हणजे गुरांची भूमिका. गुरे विषाणूचा साठा वाढवीत नाहीत, परंतु प्रौढ गोचिडींना पोसून त्यांची संख्या वाढवितात. जंगलतोड, चराई व मानवी वस्ती यांचा परस्परसंबंध त्यातून उघड झाला. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातही या रोगाचे रुग्ण आढळले. म्हणजे सहा दशकांनंतरही हा धडा पुरता गिरवला गेलेला नव्हता.

नागपूरचे स्थान

सदरनजीकच्या सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये सुरू झाले. २००० साली नागपूर येथेच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. संकरित गाई आल्यानंतर गोचिडींमार्फत पसरणाऱ्या थायलेरिओसिसने दूध उत्पादकांपुढे कठीण प्रश्न उभा केला, कारण देशी गुरांच्या तुलनेत त्यांची प्रतिकारशक्ती तोकडी ठरते. एक गाय मेली तर लहान शेतकऱ्याच्या घरखर्चाचा आधारच कोसळतो. म्हणून पशुवैद्यकीय परोपजीवीशास्त्र हा ग्रामीण अर्थकारणाचाही विषय ठरतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे राष्ट्रीय एकात्म आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली, ती याच जाणिवेतून.

निष्कर्ष

गिमवीच्या पाण्यातील शंखप्राणी, नारूचा सायक्लॉप्स व क्यासनूरची गोचीड या तिन्ही उदाहरणांत रोगाचे मूळ रुग्णशय्येपाशी नव्हे, तर पाणवठा व कुरण यांच्या परिसरात सापडले. नारू हटला, कारण उपाय पाणवठ्यापर्यंत पोहोचला. वैद्यक, पशुवैद्यक व प्राणिशास्त्र यांच्या अध्यापनात परस्पर संवाद नसेल, तर पुढील साथीची चाहूलही माकडांच्या मृत्यूनंतरच लागेल.