आकसाने बडतर्फी (महाराष्ट्रातील खासगी शाळा)

संस्थेच्या कारभाराविरुद्ध तक्रार केली, साक्ष दिली किंवा बेकायदा मागणी नाकारली म्हणून शिक्षकाला नोकरीवरून काढणे. असा खरा हेतू कोणतीही संस्था आदेशात लिहीत नाही. कागदावर ‘असमाधानकारक काम’ किंवा ‘गैरवर्तन’ असते. त्यामुळे हेतू सिद्ध करणे अवघड जाते, आणि बहुतेक प्रकरणांचा निकाल संस्थेने कार्यपद्धती पाळली की नाही यावर लागतो.

मान्यताप्राप्त खासगी शाळांना ‘महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ आणि त्याखालील १९८१ची नियमावली लागू आहे. कायम शिक्षकाला आरोपपत्र आणि चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही. चौकशी समितीत संस्थेचा एक सदस्य असतो, दुसरा शिक्षकाने स्वतः निवडलेला, तर तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या सूचीतला. शिक्षकाच्या बाजूचा सदस्य डावलून उरकलेली चौकशी न्यायालयात टिकणे कठीण. निलंबनासाठी सक्षम शिक्षण अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या काळात निर्वाहभत्ता द्यावाच लागतो. परिवीक्षाधीन शिक्षकाचे संरक्षण मात्र बरेच तोकडे आहे. त्याला एका महिन्याच्या नोटिशीने कमी करता येते.

दबावाखाली राजीनामा लिहून घेणे हा शिक्षकाला घालवण्याचा दुसरा मार्ग. कायद्याने राजीनामा दोन प्रतींत, सही व तारखेसह लिहून एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेकडे पाठवायची असते. ही तरतूद शिक्षकाच्या बचावासाठीच आहे.

दाद शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करून मागायची. न्यायाधिकरण आदेश रद्द करून पुन्हा कामावर घेण्याचा आणि मधल्या काळाचे वेतन देण्याचा हुकूम देऊ शकते. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निवाडा औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एका प्राथमिक शिक्षिकेचा आहे. शाळेच्या इमारतीवर महापालिकेने ७९,९७४ रुपयांचा कर आकारला. त्यापोटी कर्मचाऱ्यांकडून दरमहा १,५०० रुपये मागण्यात आले. तिने नकार दिला. मग २५ ज्ञापने, २००६मध्ये निलंबन आणि २००७मध्ये सेवासमाप्ती. न्यायाधिकरणाने आदेश रद्द करून पूर्ण वेतन दिले. उच्च न्यायालयाने सेवासमाप्ती बेकायदाच ठरवली, पण वेतन नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी ते परत मिळवून दिले. बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याला पुनर्स्थापनेबरोबर मागील वेतन मिळणे हाच सामान्य नियम, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या काळात आपण दुसरीकडे कमावत नव्हतो एवढे कर्मचाऱ्याने सांगायचे. तो कमावत होता हे दाखवण्याचा भार संस्थेवर. वेतनाविना वर्षे काढलेल्या माणसाला निव्वळ नोकरी परत देणे हा अर्धाच न्याय होता, म्हणून हा निवाडा मोलाचा.

शासकीय व जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांना हा कायदा लागू नाही, त्यांचे सेवानियम वेगळे आहेत. खासगी शाळेतील शिक्षकाने ज्ञापने, उत्तरांच्या पोच, वेतनाचे पुरावे आणि टपालाची पाकिटेसुद्धा जपून ठेवावीत, कारण अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून फक्त ३० दिवसांची आहे. विलंब सबळ कारणाशिवाय माफ होत नाही.