कलकत्त्याच्या हंसगाडीचं कूळ

जुन्या मोटारींचा विषय निघाला की गप्पा हमखास संस्थानिकांच्या हौसेवर येतात. त्यामुळे हॉलंडमधल्या द हेग शहरात, लाउमन संग्रहालयात उभी असलेली हंसाच्या आकाराची मोटार पाहिली की कुणालाही वाटतं, ही एखाद्या महाराजांचीच लहर असणार. पुढे ती एका महाराजांकडे गेली हे खरं. पण तिचा जन्म झाला तो कलकत्त्यातल्या एका गोऱ्या साहेबाच्या हट्टातून.

रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन हे त्या साहेबाचं नाव. ओळखीपाळखीचे त्याला ‘स्कॉटी’ म्हणत. साल १९१०. कलकत्ता तेव्हा हिंदुस्थानची राजधानी होतं. राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा व्हायला अजून वर्षभर अवकाश होता. एस्प्लनेड हा त्या राजधानीचा दर्शनी भाग. एका अंगाला गव्हर्नर जनरलचा वाडा, समोर मैदान, मैदानात ऑक्टरलोनीचा मनोरा, धर्मतल्ल्याच्या कोपऱ्यावर टिपू सुलतानाच्या मुलाने बांधलेली मशीद. एस्प्लनेड ते खिदिरपूर विजेची ट्राम १९०२ मध्येच सुरू झाली होती आणि तिच्याच आजूबाजूला बैलगाड्या, पालख्या आणि भाड्याच्या टिक्का गाड्या चालत. मोटार बाळगणं हे या शहरातल्या श्रीमंतांना नवं राहिलं नव्हतं. चारचौघांत उठून दिसायचं, तर नुसती मोटार आता पुरेशी नव्हती.

मॅथ्यूसनने काम सोपवलं ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट या बंदरगावातल्या जे. डब्ल्यू. ब्रुक कंपनीकडे. लंडनमध्ये नावाजलेले बॉडी बांधणारे कारखाने असताना तो तिथे गेला, यातच या गाडीचं कूळ दडलंय असं मला वाटतं. ब्रुक हा मुळात ओतकामाचा कारखाना. बोटींची इंजिनं हा त्यांचा मोठा धंदा, आणि जेमतेम बारा-तेरा वर्षं त्यांनी मोटारीही बनवल्या. पाणी कापत निघालेला हंस त्यांच्या हातून उतरला यात नवल नाही. मोटारीच्या बाजूंना लाटांचा आकार दिला होता, पुढे उंच मान आणि मागच्या बाजूला सोन्याच्या वर्खाचं कमळ. बोटीवरचा कप्तान इंजिनघराला ‘पुढे’, ‘हळू’, ‘थांब’ असे हुकूम ज्या यंत्राने धाडतो, तसंच यंत्र मागे बसलेल्या मालकाने ड्रायव्हरला हुकूम देण्यासाठी बसवलं होतं.

एवढ्यावर साहेबाचं समाधान झालं नाही. हंसाची चोच इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला जोडलेली होती. ड्रायव्हरने कळ फिरवली की चोच उघडून वाफेचा फवारा बाहेर पडे आणि समोरची वाट मोकळी होई. डोळ्यांत विजेचे दिवे होते, ते अंधारात लुकलुकत. हॉर्न म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर वाजणाऱ्या आठ नळ्या. मागच्या सीटवर बसून बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या दाबून तो वाजवायचा. चाकांना चिकटलेली हत्तीची लीद झाडायला ब्रश होते. आणि हंस अगदी जिवंत भासावा म्हणून मागच्या झडपेतून रस्त्यावर चुन्याची निवळी सांडायची सोय होती, म्हणजे हंसाची शीट.

खर्च दहा ते पंधरा हजार पौंड झाला असं सांगतात. त्याच काळात रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टची नुसती चासी हजार पौंडांच्या आत मिळत होती. तो आकडा थोडा फुगवलेला धरला तरी हौस केवढी होती ते कळतं.

गाडी कलकत्त्याच्या रस्त्यावर आली तेव्हा लोकांत घबराट उडाली. गर्दी आवरायला पोलीस आले आणि त्यांनी गाडी रस्त्यावर आणायलाच मनाई केली. राजधानीत मिरवण्यासाठी केलेली गाडी राजधानीतच घरात बसली.

मग ती पंजाबातल्या नाभा संस्थानच्या महाराजांनी विकत घेतली. १९२० च्या सुमारास त्या घराण्यात हंसाचं एक पिलूही तयार झालं, तशीच पण लहान आणि विजेवर चालणारी मोटार. संस्थान विलीन झालं, १९७१ साली तनखेही बंद झाले. त्या पडत्या काळात अनेक घराण्यांच्या मोटारी मिळेल त्या भावाने गेल्या. हंस मात्र सत्तर वर्षांहून अधिक काळ नाभाच्या घराण्यातच राहिला. १९९१ मध्ये लाउमन संग्रहालयाने गाडी घेतली आणि मोठी डागडुजी करून तिला मूळ रूपात आणलं. पिलूही आज तिच्याच शेजारी आहे. महाराजांच्या उधळपट्टीवर आपण भरभरून बोलतो. ही गाडी वाचली ती मात्र महाराजांच्या मोटारखान्यामुळे, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मॅथ्यूसन, नाभा, लाउमन. हात मोजके, म्हणून कूळ स्पष्ट. सगळ्या गाड्यांचं नशीब असं नसतं. एस्प्लनेडजवळच्या स्टेट्समन हाउसमधून निघणाऱ्या वृत्तपत्राने १९६८ पासून कोलकात्यात जुन्या मोटारींची रॅली भरवली, तेव्हा कुठे पडवीत धूळ खात पडलेल्या गाड्यांकडे मालकांचं लक्ष गेलं. अशा कित्येक गाड्यांत मधल्या काळात सुटे भाग मिळेनात म्हणून ॲम्बॅसडरचं किंवा डिझेलचं इंजिन बसवलं गेलं होतं. चासीवर ठोकलेला नंबर आणि जुने कागद एवढाच तिथे पुरावा उरतो.

आपल्याकडेही अशा गाड्या आहेत. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, ती सगळ्यांच्या माहितीची. पण वाड्यांच्या मागच्या शेडमध्ये आणि जुन्या डॉक्टर-वकिलांच्या घरी उभ्या असलेल्यांची नोंद कोण ठेवणार? मूळ रूपात जपलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक देण्याचा नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केला आहे. घरात अशी गाडी असेल तर आधी चासी आणि इंजिनाचे नंबर उतरवून घ्या. गाडी विकावी लागली तरी आरसी बुक, गॅरेजची बिलं आणि विम्याचे कागद यांच्या प्रती ठेवा. आजोबांच्या गाडीचा फोटो सापडला तर त्याच्या मागे साल आणि गाव आजच लिहा.