लोन पद्धत (फुटबॉल) : तरुण खेळाडूंची उसनवारी

एका क्लबशी असलेला करार न मोडता खेळाडूने ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडून खेळण्याची व्यवस्था. काळ संपला की तो मूळ क्लबकडे परततो. बोलताना सगळे ‘लोनवर गेला’ असेच म्हणतात. वर्तमानपत्रे कधी ‘कर्जावर’, कधी ‘उसना’ लिहितात. अठरा ते बावीस या वयातील खेळाडूला सामन्यांचा सराव मिळावा, हा या पद्धतीचा सांगितला जाणारा मुख्य हेतू. प्रत्यक्षात पगाराचा भार हलका करणे, नकोसा झालेला खेळाडू बाहेर ठेवणे किंवा विक्रीआधी त्याला गिऱ्हाइकाच्या नजरेस पाडणे, हे हेतूही तितकेच जोरात असतात. त्यामुळे कोणत्याही लोनची बातमी वाचताना हेतू कोणता, हे आधी विचारावे.

गरज का पडते. सराव कितीही चांगला असला तरी सामन्याची जागा तो घेऊ शकत नाही. मैदानावर अकराच जण उतरतात. क्लबला गुण हवे असतात, त्यामुळे प्रशिक्षक अनुभवी खेळाडूकडे झुकतो. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या हंगामात, २०१४ मध्ये, ८ संघ होते आणि साखळीत प्रत्येकाला १४ सामने. २०२३-२४ मध्ये १२ संघ आणि २२ सामने झाले. युरोपातील ३४-३८ सामन्यांच्या साखळीपुढे हे थोडेच आहेत. त्यात परदेशी खेळाडू बहुधा मधल्या फळीत आणि आघाडीला असतात. म्हणजे एकोणीस वर्षांच्या देशी आघाडीवीराने अख्खा हंगाम राखीव बाकावर काढणे यात नवल काही नाही. गोलरक्षकाची स्थिती सर्वांत बिकट, कारण जागा एकच आणि ती बदलतही नाही. लोनचा खरा फायदा बहुधा गोलरक्षकांनाच होतो. चेल्सीने २०११ मध्ये बेल्जियमच्या थिबो कुर्त्वाला घेतले आणि लगेच तीन हंगामांसाठी अॅटलेटिको माद्रिदला दिले. तो स्पेनमध्ये लीग जिंकून २०१४ मध्ये परतला, तेव्हा चेल्सीला तयार गोलरक्षक मिळाला होता.

अपयशाच्या लोनचाही उपयोग होतो. टॉटनहॅमने हॅरी केनला लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर अशा चार ठिकाणी पाठवले. नॉर्विचला दुखापतीने बहुतेक वेळ वाया गेला, लेस्टरलाही तो बरेचदा बाकावरच राहिला. खालच्या विभागातल्या मिलवॉलमध्ये मात्र घसरणीची टांगती तलवार असलेल्या संघासाठी गोल करावे लागले. अकादमीच्या हिरवळीवर तसे दडपण येत नाही.

करार. लोन तोंडी ठरत नाही. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या (फिफा) खेळाडू-दर्जा व हस्तांतरण नियमांप्रमाणे त्यासाठी लेखी करार लागतो आणि तो तिघांत होतो : पाठवणारा क्लब, घेणारा क्लब आणि खेळाडू. खेळाडूची संमती नसेल तर लोन नाही. आणखी एक अट बऱ्याच पालकांना माहीत नसते : लोन फक्त व्यावसायिक खेळाडूचे होते. शालेय संघातून अकादमीत गेलेला, करार नसलेला हौशी मुलगा ‘लोनवर’ जात नाही. तो फक्त नोंदणी बदलतो.

करारात पगार कोणी किती द्यायचा, लोन शुल्क आहे का, काळ संपल्यावर घेणाऱ्या क्लबला खरेदीचा पर्याय आहे की सक्ती, मधेच परत बोलावण्याचा हक्क कोणाला, या बाबी येतात. पैशापेक्षा शेवटचे कलम तरुणाला जास्त महत्त्वाचे. जानेवारीत अचानक परत बोलावणे आले तर नव्या संघात बसलेली घडी मोडते. उलट नव्या ठिकाणी खेळायलाच मिळत नसेल तर हेच कलम त्याला सोडवते. मूळ क्लबविरुद्ध खेळू न देण्याचे कलमही नेहमीचे आहे. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत मात्र अॅटलेटिकोकडून कुर्त्वाला चेल्सीविरुद्ध उभे राहण्यापासून कोणी रोखू शकत नाही, असे युरोपीय महासंघाने स्पष्ट केले होते आणि तो खेळला.

२०२२ चे नियम. काही श्रीमंत क्लब तीस-चाळीस खेळाडू जगभर पसरून ठेवत. चेल्सीच्या अशा खेळाडूंना इंग्रजी वर्तमानपत्रांनी फौजच म्हटले. माणसाचा साठा करणारा हा व्यवहार थांबावा म्हणून फिफाने १ जुलै २०२२ पासून नियम बांधले. लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, पोटलोनला (लोनवर आलेला खेळाडू पुढे तिसऱ्या क्लबला देण्याला) बंदी, आणि एका हंगामात त्याच दोन क्लबांत तीनपेक्षा जास्त लोन नाहीत. एकूण बाहेर पाठवायचे आणि आत घ्यायचे खेळाडू आधी प्रत्येकी ८, मग ७, आणि २०२४-२५ पासून ६. मात्र २१ वर्षांपर्यंतचे खेळाडू आणि क्लबनेच घडवलेले खेळाडू या मोजणीत धरले जात नाहीत. म्हणजे तरुणाच्या विकासासाठीचे लोन मोकळे ठेवले आणि बाकीचे आवळले. हे नियम आंतरराष्ट्रीय व्यवहारांना लागू आहेत. राष्ट्रीय महासंघांनी देशांतर्गत व्यवस्था याच धर्तीवर आणावी म्हणून त्यांना तीन वर्षांची मुदत दिली होती.

भारतात : दोन लीगांची सोय. भारतात लोन मोठ्या प्रमाणावर आले ते विकासासाठी नव्हे, कॅलेंडरच्या अडचणीपायी. २०१४ मध्ये आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत आटोपली आणि आय-लीग ही जुनी राष्ट्रीय लीग जानेवारी २०१५ पासून मेपर्यंत चालली. नव्या लीगच्या संघांना खेळाडू हवे होते, जुन्या क्लबांकडे करारबद्ध खेळाडू होते. मग जुन्या क्लबांनी मोसमापुरते खेळाडू दिले, मोबदला घेतला आणि जानेवारीत परत नेले. गोव्यात डेंपो, साळगावकर या क्लबांचे खेळाडू एफसी गोवाच्या गणवेशात दिसू लागले. या संघाच्या मालकांत श्रीनिवास डेंपो आणि दत्तराज साळगावकर यांच्याबरोबर औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉन समूहही होता. 

याच सोयीतून सुनील छेत्री २०१५ मध्ये आय-लीगच्या बंगळुरू एफसीहून आयएसएलच्या मुंबई सिटीकडे आला. लिलावात १ कोटी २० लाखांची बोली लागली होती. तेव्हा तो तिशीचा होता, त्यामुळे हा विकासाचा व्यवहार नव्हेच. तरी आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक त्याने याच मुक्कामात केली. २०१७-१८ पासून दोन्ही लीग एकाच वेळी सुरू झाल्या आणि या हंगामी देवाणघेवाणीचे कारणच संपले.

त्यानंतरचे लोन अधिक खऱ्या अर्थाचे. तोच हेतू लोनशिवाय साधण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच सुमारास इंडियन अॅरोज हा तरुणांचा संघ पुन्हा उभा केला. मूळ २०१० चा हा संघ २०१३ मध्ये बंद पडला होता. २०१७ मध्ये तो परतला आणि २०२२ मध्ये पुन्हा मिटला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याच संघात होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा आघाडीवीर २०१७ च्या भारतातील सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. लोनमधून जे साधायचे ते अॅरोजने घाऊक प्रमाणात केले : एकाच वयाच्या मुलांना मोठ्यांच्या लीगमध्ये अख्खा हंगाम खेळवले. बहुतेक सामने हरले, पण मुलांना मिनिटे मिळाली.

परदेशाची वाट. पुढे जमशेदपूर एफसीकडे असताना अनिकेत इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी गेला. या क्लबची मालकी २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज समूहाकडे आहे. मालक पुण्याचे, खेळाडू कोल्हापूरचा, तरीही तो गेला तो सरावापुरता. इंग्लंडचा कामाचा परवाना तेव्हा बऱ्याच अंशी राष्ट्रीय संघाच्या क्रमवारीवर अवलंबून असे आणि भारत त्या यादीत फार खाली होता. २००९ मध्ये छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी झालेला सौदा याच कारणाने फिसकटला होता. पुण्याच्या अकादमीतून आलेल्या केरळच्या आशिक कुरुनियनला एफसी पुणे सिटीने २०१६ मध्ये स्पेनच्या व्हिलारेआलकडे पाठवले, तिथे तो क्लबच्या तिसऱ्या फळीच्या संघाबरोबर राहिला. भारतीय क्लबाने आपल्या तरुणाला युरोपात धाडण्याचे हे धाडस म्हणून नोंदवण्यासारखे. एवढ्याशा मुक्कामातून काय निपजते याबद्दल फार आशा धरू नये.

मुंबईचे लोन. महाराष्ट्रातील सर्वांत यशस्वी लोन बाहेरून आत आलेले आहे. मिझोरामचा लालियानझुआला छांगटे पुण्यात डीएसके शिवाजीयन्स-लिव्हरपूल अकादमीत वाढला आणि आय-लीगमध्ये डीएसके शिवाजीयन्सकडून खेळला. पुढे चेन्नईयिनमध्ये त्याचा खेळ रुतला. जानेवारी २०२२ मध्ये चेन्नईयिनने त्याला उरलेल्या हंगामापुरते मुंबई सिटीला दिले. हंगाम संपल्यावर मुंबईने त्याला कायमचे घेतले. २०२२-२३ मध्ये मुंबईने साखळीची ढाल जिंकली आणि छांगटे त्या वर्षीचा अखिल भारतीय महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आदल्या वर्षी दुसऱ्याला नकोसा असलेला हाच खेळाडू; मुंबईने फक्त त्याला त्याच्या जागेवर, उजव्या बगलेत, सातत्याने खेळवले.

मुंबई सिटीने बाहेर पाठवलेल्यांची गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये मणिपूरचा बचावपटू नाओचा सिंग केरला ब्लास्टर्सकडे आणि मुंबईचाच अमेय रानवडे ओडिशाकडे लोनवर गेला. दोघांना नव्या ठिकाणी भरपूर सामने मिळाले, दोघांनाही पुढे त्याच क्लबांनी कायम केले. खेळाडूंचे भले झाले यात शंका नाही. पण पाठवणाऱ्या क्लबच्या दृष्टीने हा विकास नव्हता, विक्रीआधीचा उंबरठा होता. भारतात बरीच लोन अशीच संपतात : खेळाडू परत येत नाही. परत यावा यासाठी मूळ क्लबमध्ये दीर्घ करार, लोनवरच्या खेळाडूवर नजर ठेवणारा माणूस आणि पुढच्या हंगामात त्याची जागा काय याचा आराखडा लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपसारख्या समूहाचे वेगवेगळ्या देशांत क्लब आहेत, लोनवरच्या खेळाडूवर नजर ठेवणे त्यांच्या नित्याच्या कामाचा भाग आहे. एकट्या क्लबला ते परवडत नाही.

पाठवायचे कुठे ? लोन पद्धत चालायला पायऱ्या लागतात. वरच्या क्लबखाली दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचे, पगार वेळेवर देणारे, बऱ्या मैदानावर खेळणारे क्लब हवेत. महाराष्ट्रात याच पायऱ्या एकामागून एक निखळल्या. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेल्या पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ मध्ये गुंडाळला गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकाच आय-लीग हंगामाचा धनी ठरला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसले नाहीत. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. केंकरे एफसी आय-लीगमध्ये पोहोचला, पण २०२२-२३ च्या शेवटी खाली घसरला. परिणाम असा की मुंबई सिटीला आपला एकोणीस वर्षांचा मुलगा घराजवळ कुठे खेळवायचा झाला तर राज्यात भक्कम क्लबच उरलेला नाही. त्याला केरळ, ओडिशा किंवा ईशान्येकडे जावे लागते.

कोल्हापूरकडे प्रेक्षक आहेत, पेठांची ईर्ष्या आहे आणि शाहू स्टेडियम आहे. पाटाकडील, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार अशा नावांभोवती तिथला फुटबॉल फिरतो. पण तालमीचे संघ देशपातळीच्या लीगच्या शिडीत नाहीत, त्यामुळे ते लोनच्या व्यवहाराबाहेरच राहतात. पाच-सहा हजारांच्या गर्दीपुढे, हुर्योच्या आवाजात खेळण्याचा सराव अकादमीच्या मुलाला याहून चांगला कुठे मिळणार ? या लेखकाला ही महाराष्ट्राची सर्वांत मोठी वाया गेलेली सोय वाटते.

रिलायन्स फाउंडेशनने २०२२ मध्ये सुरू केलेली विकास लीग हा लोनला एक पर्याय. तिथे क्लब आपल्याच तरुणांना आपल्याच गणवेशात खेळवतात. सामने मिळतात, पण समोरही समवयस्कच असतात. तीस वर्षांच्या बचावपटूचा कोपर कसा लागतो, हे तिथे कळत नाही.

बदनापूर आणि मराठवाडा. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामधल्या बदनापूरसारख्या गावातून पाहिले तर ही शिडी आणखी लांब आहे. मराठवाड्यातला कोणताही क्लब आजवर आय-लीग किंवा आयएसएलमध्ये खेळलेला नाही. त्यामुळे इथल्या खेळाडूच्या वाट्याला लोन येण्याआधी बऱ्याच पायऱ्या असतात : शालेय स्पर्धा, जिल्हा संघ, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धा, मग पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची किंवा नवी मुंबईच्या रिलायन्स अकादमीची निवड चाचणी, आणि त्यापुढे कुठे तरी पहिला व्यावसायिक करार. या वाटेवरची प्रत्येक नोंद अखिल भारतीय महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत झालेली असावी. खेळाडू पुढे परदेशी क्लबाला विकला गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत विभागला जातो. नोंद नसेल तर गावच्या क्लबाला त्यातले काही मिळत नाही.

पालकांनी एक नियम पक्का लक्षात ठेवावा. फिफाने १८ वर्षांखालील खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाला बंदी घातली आहे आणि लोनही त्यात येते. अपवाद आहेत, पण भारतात राहणाऱ्या कुटुंबातील मुलाला त्यांचा सहसा उपयोग नाही. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला युरोपातील क्लबात ‘लोनवर’ पाठवतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर पैसे देऊ नयेत.