अमेरिकेतील आजारविम्याचे अनुदान

२०२५ सालच्या १ ऑक्टोबरला अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले, ते १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस. त्या देशात तोवर एवढा लांबलेला बंद झालेला नव्हता. बंद म्हटला की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. परंतु हा बंद कामगारांनी केलेला नव्हता. लाखो सरकारी नोकर बिनपगारी राहिले ते दोन पक्षांच्या भांडणापायी, आणि भांडण होते आजारविम्याच्या हप्त्याला सरकारने किती हातभार लावावा याचे. एवढ्या धनाढ्य देशात हा प्रश्न इतका चिघळावा कसा? मूळ शोधू गेले तर ऐंशी वर्षे मागे जावे लागते, आणि तेथे गाठ पडते ती आमच्याच धंद्यातील लोकांशी, युनियनवाल्यांशी.

महागाई आवरण्यासाठी १९४२ साली अमेरिकी सरकारने मजुरीचे दर गोठविले. युद्धामुळे कारखाने रात्रंदिवस चाललेले, माणसे मिळत नव्हती, आणि पगार तर वाढवावयाचा नाही! वाजवी विमा मजुरीत धरला जाणार नाही अशी सवलत होती. मालकांनी तीच वाट धरून माणसे ओढली. युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी साऱ्या राष्ट्रासाठी आरोग्यविमा असावा, अशी सूचना काँग्रेसपुढे मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने तिच्यावर समाजवादाचा शिक्का मारला, सभासदांवर २५ डॉलरची पट्टी बसविली, धंदेवाईक प्रचारक नेमले आणि योजना गाडली. युनियनांचा ट्रूमनना पाठिंबा होता; पण राष्ट्राचे काही होत नाही असे दिसताच त्यांनी आपल्या सभासदांपुरता विमा मालकांकडून करारात पदरात पाडून घेतला. १९५० चा जनरल मोटर्सचा करार हा त्याचा ठळक नमुना. मालक भरतो त्या हप्त्यावर कामगाराला प्राप्तिकर नाही, हे १९५४ च्या कायद्याने पक्के झाले.

येथे जरा थांबले पाहिजे. सरकारने कर सोडला तर तिजोरीचा पैसा गेलाच. फक्त चेक फाडलेला कोणाला दिसत नाही. सुमारे १५ कोटी अमेरिकनांना मालकामार्फतचा हा विमा आहे, आणि या करमाफीची रक्कम ज्या अनुदानावरून ४३ दिवस रण माजले त्याहून मोठी आहे. शिवाय जितका पगार मोठा तितकी सूट मोठी. तरीही हिला कोणी अनुदान म्हणत नाही. त्या वेळच्या पुढाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. दारात उभ्या असलेल्या सभासदाला, "बाबा, राष्ट्र सुधारेपर्यंत दम धर," असे सांगणारा युनियनवाला आम्ही तरी पाहिलेला नाही. पण ज्यांच्या पाठीशी जोर होता त्यांची सोय झाली आणि उरलेल्यांचा कैवार सैल पडला, हेही खरेच. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड आले. मधला छोटा दुकानदार, टॅक्सीवाला, हंगामी मजूर तसाच राहिला.

त्याच्यासाठी ओबामांचा २०१० चा कायदा. मौज अशी की त्याच कायद्यात मालकांच्या महागड्या विम्यावर ४० टक्के कर ठेवला होता. त्याविरुद्ध युनियन आणि मालक खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि एक दिवसही वसूल न होता तो २०१९ साली रद्द झाला.

मधल्या माणसाला हप्त्यासाठी मदत २०१४ पासून मिळू लागली, पण उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपटीच्या आत असेल तरच. २०२१ साली ही मर्यादा उठविली आणि कोणाचाही हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जाऊ नये असे ठरले. मुदत मात्र २०२५ अखेरची. तोवर या बाजारात विमा घेणारे २ कोटी ४० लाखांवर गेले, त्यांत दहापैकी नऊ जणांना मदत होती.

डेमोक्रॅट म्हणाले, मुदत वाढवा. रिपब्लिकन म्हणाले, हा पैसा विमा कंपन्यांच्या गल्ल्यात जातो, तो सरळ माणसाच्या खात्यात टाका: पन्नाशीच्या आत १,००० डॉलर, ५० ते ६४ वयाला १,५००. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. कंपन्यांचे भले झाले आहेच. पण त्या खात्यातून हप्ता भरण्याची मुभा नव्हती, आणि ज्या स्वस्त पॉलिसीशी ते जोडलेले, तीत वर्षाचे पहिले सुमारे ७,००० डॉलर रोग्यानेच भरावयाचे. धडधाकट तरुणाला हे खाते गोड लागेल. साखरेचा रोगी असलेल्या साठीच्या माणसाने उरलेले साडेपाच हजार कोठून आणावेत? ११ डिसेंबर २०२५ रोजी सेनेटमध्ये दोन्ही प्रस्ताव पडले. ६० मते कोणालाच मिळाली नाहीत.

केएफएफ या अभ्याससंस्थेचा अंदाज होता की, मदत घेणाऱ्याला सरासरी वर्षाला ८८८ डॉलर पडत, ते १,९०४ होतील. जाच खरा मर्यादेचा. मर्यादा म्हणजे काय, हे आपल्या कामगाराला सांगावयास नको. आपल्या १९४८ च्या राज्य विमा कायद्यालाही पगाराची मर्यादा होती, ती २०१७ साली २१,००० रुपये केली गेली. करार करताना हा आकडा आम्हांस डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. अमेरिकेत २०२५ च्या ३१ डिसेंबरला वाढीव मदत संपली, आणि एकट्या माणसासाठी ६२,६०० डॉलरची रेषा परत आली. एका डॉलरने ती ओलांडली की सारी मदत बंद. मोटार कारखान्यातील कामगाराच्या विम्यावरची करमाफी त्या दिवशीही चालू होती. सेनेटच्या मतदानात तिचा विषयच निघाला नव्हता.