नेवासे, सकळ लिपी आणि पाठोद्धार

प्रवरेच्या तीरावरील नेवासे हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शके 1212, म्हणजे इ. स. 1290, या सालाशी कायमचे जोडले गेले आहे. ज्ञानेश्वरी येथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी ग्रंथसमाप्तीची साक्ष आहे. हा ग्रंथ सर्वांसाठी खुला होता. खुलेपणामुळे त्याच्या प्रती वाढल्या, आणि प्रतींबरोबर अपपाठही वाढले. शके 1506 (इ. स. 1584) मध्ये एकनाथांनी अनेक प्रती ताडून त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. खुल्या ग्रंथाचा उद्धार प्रतींच्या तुलनेने होतो, याचे हे मराठीतील ठळक उदाहरण होय.

त्याच शतकात महानुभाव पंथाचे गद्य वाङ्मय आकारास येत होते. त्याची वाट निराळी. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत खालशाच्या धाडीत नष्ट झाली. पुढे हिराइसादिकांच्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. परंपरेपरंपरेचे भिन्न पाठ त्यातूनच उद्भवले. चौदाव्या शतकात पंथातील ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची पद्धती पडली. त्यांपैकी सकळ लिपी रवळोव्यासांची मानली जाते. सुंदरी, वज्र, अंक इत्यादी लिप्याही प्रचारात होत्या. पोथी डोळ्यांसमोर असावी आणि तिच्यातील एक शब्दही परक्यास लागू नये, अशी ही योजना होती. बाहेरच्या हाताची भर पडणे त्यामुळे अवघड झाले. परंतु उर्वरित मराठी समाज आपल्याच आद्य गद्यास कित्येक शतके मुकला.

सकळ लिपीत तत्त्व अक्षरांच्या अदलाबदलीचे आहे. अशा संकेतात अक्षराचे रूप पालटते, त्याचे वर्तन पालटत नाही. भाषेत जे वर्ण वारंवार येतात, त्यांची चिन्हेही वारंवार येतात. प्रत्यय शब्दान्तीच राहतात. ‘सर्वज्ञ’ यासारखे पुनःपुन्हा येणारे नाम एकाच आकृतीने प्रकटते. अल्-किंदी या अरब पंडिताने नवव्या शतकातच वर्णसंख्येवरून कूटलेख उकलण्याची रीत वर्णिली होती. मराठीत सकळ लिपीच्या उलगड्याचे श्रेय इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना दिले जाते. त्यांनीच 1909 मध्ये एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध करून तिच्या भाषेचे व्याकरण मांडले होते. हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्याला त्या काळची विभक्तिरूपे ज्ञात आहेत, त्यालाच झाकलेल्या चिन्हांमागील शब्दाची चाहूल लागते. वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या 1919 च्या दुसऱ्या आवृत्तीत या वाङ्मयास स्थान मिळाले, पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते प्रभृतींनी संपादनाचे कार्य केले.

आजच्या संगणकयुगात हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. आभासी यंत्राची संपूर्ण तबकडी ही एकच फाईल असते, आणि ती कूटबद्ध केली की आतील सर्व मजकूर एका किल्लीवर अवलंबून राहतो. मात्र 2001 मध्ये प्रमाण ठरलेल्या एईएस पद्धतीत अक्षरांचे वर्तन मागे उरतच नाही. तेथे राजवाड्यांचे व्याकरण व अल्-किंदीची गणना दोन्ही निरुपयोगी ठरतात. शिवाय अनेक पद्धतींत खरी किल्ली तबकडीच्या आरंभभागातच, परवलीच्या शब्दाने झाकून, ठेवलेली असते. तो भाग नष्ट झाला आणि त्याची नक्कल काढलेली नसली, तर परवलीचा शब्द आठवूनही काही हाती लागत नाही.

यावरून एक निष्कर्ष निघतो. प्रत, किल्ली आणि भाषेचे ज्ञान ही उद्धाराची तीन साधने होत. ज्ञानेश्वरीस प्रतींनी तारले, लीळाचरित्रास प्रथम स्मृतीने आणि नंतर संकेताच्या उलगड्याने. आज दफ्तरे, हस्तलिखितांची छायाचित्रे व संशोधनसामग्री कूटबद्ध तबकड्यांत जात असताना तिसरे साधन आपल्या हातून गेलेले आहे, याचे भान ठेवून पहिली दोन अधिक दक्षतेने जपली पाहिजेत. अन्यथा पुढील संशोधकाच्या हाती पोथी येईल. पण ती वाचता येईल असा राजवाडे त्या काळी असू शकणार नाही.